अर्धवट गोळ्यांचा डबा

तंजावूरच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते, तेव्हा माझ्या वाट्याला प्रकल्प आला तो कचऱ्याचा. गावाबाहेरच्या कुप्पैमेडूवर, म्हणजे नगरपालिकेच्या उकिरड्यावर जायचं आणि त्यातून झिरपणारं काळं पाणी बाटलीत भरून आणायचं. नव्याने बाजारात आलेल्या शाम्पूच्या पुड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, खासगी दवाखान्यांतल्या पू लागलेल्या पट्ट्या, सगळं तिथे येई. डुकरं त्या पट्ट्या चघळत. नाकाला ओढणी लावली तरी वास जिभेवर बसायचा. त्या दिवशी दहीभातसुद्धा घशाखाली उतरत नसे.

विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय आई मला घरात घेत नसे. "अस्की घाण आंगावर घेऊन आलीस," म्हणायची; अस्की म्हणजे आमच्या तंजावुरी मराठीत सगळी. सोवळ्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ताप उतरला की तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक गोळ्या बंद. उष्ण पडतात, ताक पी. उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात, पुढच्या आजाऱ्यासाठी. फारच जुन्या झाल्या तर कचऱ्यात. अर्धवट गोळ्यांनी जंतू औषधाला सरावतात, हे शिकत असूनही मी तशाच खाल्ल्या.

प्रयोगशाळेत त्या पाण्यातले जीवाणू बशीत वाढवले आणि वर औषधांच्या टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटतं. माझ्या बशीत कडं नव्हतंच. टिकल्यांना चिकटून बुळबुळीत थर माजला होता. खरं सांगते, मला थोडा आनंदच झाला. प्रकल्प जमला होता.

मग माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, पायाचं बोट चपलेने सोललं. त्यांना मधुमेह. त्यांनी डबा उघडला, दोन दिवस या गोळ्या, दोन दिवस त्या. बोट काळं पडलं. डॉक्टर म्हणाले, उशीर केला तर पाय जाईल. पू तपासला. अहवालात माझ्या टिकल्यांवरचीच औषधं होती आणि प्रत्येकापुढे तोच शेरा, उपयोग नाही. मला त्या डब्याची किळस आली, आईच्या सोवळ्याची आली, सगळ्यात जास्त माझी आली.

बोट कापलं, पाय वाचला. शुद्धीवर आल्यावर अप्पांनी आधी हेच विचारलं, "बोट कोठें टाकलें?"

"जाळलं," मी म्हटलं.

खिडकीखाली नगरपालिकेची गाडी दवाखान्याचा कचरा भरत होती. त्या आठवड्यात बाटली घेऊन मी कुप्पैमेडूवर गेले नाही.