क्लिपा लावलेले बोंबील

गेल्या शनिवारी लॅपटॉप घेऊन किनाऱ्यावरच्या मुरबे गावी आत्याकडे गेलो... तिला हसवायला.

बारा वर्षं मुंबईत टीव्हीसाठी विनोदी लिहितोय. आता पहिला सिनेमा मिळालाय, आमच्याकडच्याच कोळीवाड्यातल्या सासू-सुनेचा. पण इंटरव्हलचा सीन डिरेक्टरनी तीनदा परत पाठवला. सोमवारपर्यंत जमला नाही तर दुसरा लेखक बघू, असं अगदी गोड आवाजात सांगितलं.

सीन अडला की माझी एक जुनी पद्धत आहे... किनाऱ्यावर बोंबील सुकवणाऱ्या बायकांना तो वाचून दाखवायचा. त्या कामात असतात, कुणाचं मन राखायला हसत नाहीत. हात थांबले तर जोक पास.

आत्या आणि दोन शेजारणी दोऱ्यांवर बोंबील टाकत होत्या. पहिलं पान वाचलं, हात चालू. दुसऱ्या पानावर माझा सगळ्यात लाडका पंच होता... हात चालूच. एकीनं तर जांभई दिली. मी घाईनं पान उलटलं.

तिसऱ्या पानावर विनोद नव्हताच. नुसतं लिहिलं होतं, सासू बोंबलांना क्लिपा लावून ते दोरीवर वाळत घालते.

सहाही हात थांबले. आत्या हसत हसत वाळूतच बसली.

"बारा वर्सं फ्लॅटमदी राहून याला बोंबील म्हंजे बनियन वाटायला लागले," ती म्हणाली.

क्लिपा कसल्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची... लहानपणी शेकडो वेळा केलंय मी हे. खरंच लाज वाटली. पण त्या लाजेतच सीन सापडला. क्लिपा सासू नाही, शहरातून आलेली नवी सून लावते!

आत्याला सांगितलं, तशी ती हसायची थांबली. "मंग सासूला नुसतं हसवू नको. सुनेचा हात धरून शिकवू दे तिला. इसरलं म्हनून कोनी परकं होत नाय."

मी म्हटलं, अगं, सून कुठे विसरलीय, तिला मुळात येतच नाही.  आत्यानं माझ्या हातात दोन बोंबील दिले आणि माझी बोटं धरून जबडे अडकवून घेतले. पहिली जोडी निसटली, दुसरी टिकली. डोळ्यांत पाणी आलं, ते मी उन्हावर ढकललं.

सोमवारी सीन पास झाला. क्लिपांवर डिरेक्टर खो खो हसले, सासूच्या तोंडचं 'इसरलं म्हनून कोनी परकं होत नाय' हे वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं. कुठून सुचलं, असं त्यांनी विचारलं आणि मी 'रिसर्च' म्हणून मोकळा झालो.

म्हणून इथे खरं लिहितोय... ते वाक्य माझ्या आत्याचं आहे. आणि ती ते सुनेसाठी बोललीच नव्हती.