मामांचा कोरा पास

लिहायला बसण्याआधी वाचकांची माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चार ओळी सलग लिहिलेल्या नाहीत. पत्र धाडायचं असलं की वडील पोस्टकार्ड घेऊन मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसत आणि मास्तरांना सवड होईपर्यंत त्यांच्या गोठ्यातलं शेण काढत. अशा घरातल्या, अजून पदवीही हातात न पडलेल्या मुलानं एखाद्या माणसाबद्दल लिहायला घ्यावं हा आगाऊपणाच आहे. पण ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्याविषयी दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, आणि ते स्वतः तर मुळीच लिहिणार नाहीत. म्हणून धीर करतो.

माझ्या आत्याच्या यजमानांइतका सावकाश माणूस उभ्या मावळात झाला नाही आणि यापुढे होईल असंही वाटत नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मीही इथं मामाच म्हणतो. मामा रेल्वेत सांधेवाले, म्हणजे रुळांचे सांधे फिरवून गाडीला वाट देणारे. राहायला लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत दोन खोल्या, आणि काम खंडाळ्याच्या केबिनमध्ये. बाकीचे सांधेवाले येणाऱ्याजाणाऱ्या इंजिनावर चढून कामावर जात; मामा रस्त्यानं चालत जात, आणि तेही असे की पुढच्या गायीला त्यांच्यामुळं कधी बाजूला व्हावं लागलं नाही. लोणावळ्याच्या पावसात सगळं गाव डोक्यावर पोतं घेऊन पळत असायचं आणि मधून मामा एकटे, हातात मिटलेली छत्री, चालत यायचे. वाऱ्यापुढं छत्री टिकत नाही म्हणून ती उघडायची नाही, आणि छत्री घरी ठेवून निघणं शहाणपणाचं नाही म्हणून ती न्यायची. पळत का नाही, असं एकदा आत्यानं विचारलं, तर म्हणाले, "पाऊस काय कुत्रं हाय का, चावंल म्हून पळायला?"

त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम फुटाणे असत. ते मूठभर तोंडात टाकत नसत. एका वेळी एकच फुटाणा. तो दोन बोटांत फिरवून त्याचं साल काढायचं, ते फुंकून उडवायचं, मग फुटाणा खायचा. चाळीत नळावरून भांडण लागलं आणि निवाड्याला मामांना बोलावलं की दोन्ही बाजूंचं ऐकून मामा फुटाणा सोलायला घेत. पाचव्या-सहाव्या फुटाण्यापर्यंत बायका कंटाळून आपापले हंडे भरून निघून जात. चाळीतले लोक म्हणत की मामांनी एकही निकाल दिलेला नाही आणि एकही भांडण शिल्लक ठेवलेलं नाही.

मंडपात, सभेत, तंबूच्या सिनेमात मामा आत कधी बसत नसत. दोरीशी, खांबाशी, दाराशी उभे. पुतण्याच्या लग्नात ते मंडपाच्या कडेला इतका वेळ उभे राहिले की मुलीकडच्यांनी त्यांना बत्तीवाला समजून दोनदा पंप मारायला लावला. मामांनी मारलाही. आणि कुठलाही उतार आला की मामा माथ्यावर थांबणार. "बिरेक तपासल्याबिगर घाट उतरायचा न्हाई," हा त्यांचा कायदा. पवन मावळात एका वऱ्हाडाबरोबर बैलगाडीनं जाताना त्यांनी खिंडीच्या माथ्यावर नवरदेवाची गाडी थांबवली, खाली उतरून दोन्ही चाकं हलवून पाहिली, बैलांना दम खाऊ दिला, एक फुटाणा सोलला. मुहूर्त टळला. नवरदेवाची आई मामांशी अजून बोलत नाही.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे मामांचा पास. रेल्वेच्या माणसाला दरसाल फुकट प्रवासाचा पास मिळतो. लोक त्यावर काशीपर्यंत जाऊन येतात. मामा दरवर्षी पास आणत, आत्याच्या ट्रंकेतल्या साड्यांखाली घडी न मोडता ठेवत, आणि वर्ष संपलं की तो तसाच कोरा परत. मुंबई घाटाच्या पायथ्यापलीकडं, पण मामांनी ती पाहिलेली नव्हती. कोणी विचारलं की कारण तयार असे: शेळी व्यायला झाली आहे, आत्याचा गुडघा धरला आहे, मुंबईचं पाणी बाधतं. न पाहिलेल्या गावाचं पाणी कसं बाधतं, असं मी लहानपणी विचारलं होतं. मामांनी फुटाणा सोलायला घेतला.

मी मुंबईच्या कॉलेजात गेलो तेव्हा चीनच्या लढाईनंतर कवायत सक्तीची झालेली होती. तिची हजेरी भरली नाही आणि वर्षाअखेरची एक मैलाची धाव पुरी केली नाही, तर टर्म मिळणार नव्हती. आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. मला त्याची काळजी नव्हती. डोंगरातला मुलगा, शाळेला रोज दोन कोस चाललेला. मैलाचं काय? पण पहिल्याच महिन्यात, मैदानाची दुसरी फेरी चालू असताना, मला काहीतरी झालं. छाती आतून कोणी दार ठोकावं तशी वाजू लागली. ती पळण्याची धाप नव्हती. धाप मला ठाऊक होती. बोटांना मुंग्या आल्या, तोंडाची थुंकी आटली, पुढची मुलं फार दूर आणि काचेपलीकडं असल्यासारखी दिसू लागली, आणि मी आत्ता इथं मरणार हे मला स्पष्ट कळलं. मी गुडघ्यांवर बसलो. कवायतीच्या हवालदारांनी पाणी मारलं, मुलं हसली. डॉक्टरांनी नळी लावून सांगितलं, काही झालेलं नाही, काळीज घोड्याचं आहे. त्यानं मी जास्तच घाबरलो. काही झालेलं नाही, तर मग ते काय होतं?

त्यानंतर मैदान दिसलं तरी हाताला घाम सुटे. कधी पोट दुखतं, कधी पाय मुरगळला, असं सांगून मी कवायत टाळू लागलो. दिवाळीपर्यंत हजेरी इतकी खाली गेली की आणखी चार दिवस चुकले असते तर वर्ष गेलं असतं. मी ट्रंक भरली आणि निघालो. कॉलेज सोडायचं ठरवलं होतं. फक्त घरी सांगायचा धीर होईना म्हणून आधी लोणावळ्याला आत्याकडं उतरलो.

आत्यापाशी सगळं ओकून टाकलं. शेजारच्या मावशी ऐकत होत्या. त्यांनी लगेच बाहेरचं काहीतरी आहे म्हणून एका देवऋषाचं नाव सुचवलं. मामा दारात बूट काढत होते. आमच्या घरांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक मामांनी स्वतः नेऊन पाण्यात सोडले होते. ते मावशींना म्हणाले की सोडलेले देव आता पोरासाठी बुडी मारून वर काढायचे का, आणि काढलेच तर ओले देव काय कामाचे. मावशी गेल्या. मग मामा माझ्यासमोर बसले आणि त्यांनी चौकशी मांडली. कुठून सुरू झालं, पायातून की पोटातून? आधी काय, छाती की बोटं? बसल्यावर किती वेळ राहिलं? डॉक्टरांनीही इतकं विचारलं नव्हतं. "आन् समदं काचंच्या पल्याड गेल्यावानी दिसलं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. काचेचं मी कोणालाच, आत्यालाही, सांगितलेलं नव्हतं, हे मला फार नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी ते मला केबिनशी घेऊन गेले. घाटात उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक लागला नाही तर काय करायचं, याची सोय तिथं करून ठेवलेली आहे. मुख्य रुळातून एक फाटा निघतो. तो खाली न जाता डोंगराच्या अंगावर वर चढतो आणि शेवटी वाळूत शिरतो. त्याला सायडिंग म्हणतात. सांधा एरवी त्या सायडिंगच्याच बाजूला असतो. गाडी थांबली, तिनं शिट्टी दिली, ती ताब्यात आहे अशी खात्री पटली, तरच सांधा फिरवून तिला सरळ वाट द्यायची. ताब्यात नसली तर ती आपोआप सायडिंगला जाते.

"आता सांग," मामा म्हणाले, "सुटल्याली गाडी आली तर मी काय करावं? आडवा पडू?"

मी नाही म्हटलं.

"आडवा पडला त्यो मेला. तू आडवा पडतुयास. तिला म्हनतुयास, थांब, थांब. ती काय ऐकती व्हय? तिला सायडिंगला जाऊ दे. जाऊ दे वर. चढंल, चढंल, आन् दमंल. डोंगरापुढं कुन्या गाडीचं चाललंय?"

मी विचारलं, नाही थांबली तर?

"मी हितं इतकी वर्सं हाय. वर जाऊन थांबली न्हाई अशी गाडी मला दाव."

दुसऱ्या सकाळपासून खंडाळ्याच्या रस्त्यावर माझी धाव सुरू झाली. मी पळायचं आणि मामा मागून चालणार. ते पळणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी चढावर ती आली: तीच छाती, तीच बोटं. मी ओरडलो, "मामा, आली!" मामा बरेच मागं होते. त्यांनी हात वर केला, म्हणजे ऐकू गेलं होतं. पण पाऊल उचललं नाही. उलट खिशात हात घालून फुटाणा काढला. मी मरतो आहे आणि हा माणूस साल फुंकतो आहे, याचा मला इतका संताप आला की आजही आठवतो. मी शिव्या पुटपुटत चालत राहिलो. जाऊ दे वर, जाऊ दे वर, असं म्हणत राहिलो. मामा पोचले तेव्हा माझी बोटं पुन्हा माझी झाली होती.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"म्हून तर हळू आलो. पळत आलो असतो तर तुला वाटलं असतं, म्यां घालवली."

सुट्टी संपेपर्यंत ती आणखी दोनदा आली. मी ट्रंक घेऊन परत मुंबईला गेलो आणि त्यानंतर एकही कवायत चुकवली नाही. वर्षाअखेरच्या धावेत तिसऱ्या फेरीला ती आलीच. मी वीस पावलं चाललो. हवालदार ओरडत होते, मागची मुलं पुढं जात होती; मी तिला चढू दिलं, आणि ती दमल्यावर पुन्हा पळायला लागलो. शेवटून दुसरा आलो. टर्म मिळाली. मामांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं ते पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात: "कळाले. सेवटून दुसरा म्हणजे कोणाच्या तरी पुढे. आत्या बरी आहे."

त्या उन्हाळ्यात मी एक गोष्ट बोललो जी बोलायला नको होती. जेवताना म्हटलं, मामा, पास दरसाल कोरा जातो, एकदा माझं कॉलेज तरी बघायला या. ज्या मैदानाचं तुम्ही मला शिकवलंत ते डोळ्यांनी बघा. मामांनी शेळीचं नाव काढलं. मी म्हटलं, शेळी गेल्या वर्षी विकलीत. मग ते गुडघ्याचं बोलले. मी रागानं म्हटलं की गुडघा आत्याचा आहे. मामा ताटावरून उठून दारात जाऊन उभे राहिले. खिशातून काही काढलं नाही, नुसते उभे राहिले.

भांडी घासताना आत्यानं मला हळू आवाजात सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मामा गाडीनं घाट उतरत होते. गाडी बोगद्यात बंद पडली, दिवे गेले. मामांना तिथं तेच झालं जे मला मैदानावर झालं. ते अंधारात डब्यातून उतरले आणि भिंत चाचपत रुळांवरून चालत लोणावळ्याला परत आले. तेव्हापासून मामा बोगद्यात गेले नाहीत. "मानसांत बसनं बी तवापासनंच सुटलं," आत्या म्हणाली. "तुला शिकवलं त्ये बोगद्याबाहेरचं. आत त्यांनी कवा करून बगितल्यालं न्हाई. तुला कळलंय असं दावू नगस."

मी विषय पुन्हा काढला नाही. निघताना पाया पडलो तेव्हा मामांनी नेहमीसारखं विचारलं, बिरेक तपासलास का? मी हो म्हटलं. एवढंच.

या वर्षी थंडीत आमचा दहा दिवसांचा कवायतीचा तळ नाशिककडं होता. परतल्यावर तीन आठवडे गेले असतील. माझा खोलीवाला सोबती सांगलीकडचा, सज्जन पण विसरभोळा. परवा तो आपली वही शोधताना फळीवरची माझी पुस्तकं हलवत होता, तेव्हा मागं कागदाची एक पुडी निघाली. पुडीत फुटाणे होते. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, सांगायचंच राहिलं. तू तळावर होतास तेव्हा लोणावळ्याहून तुझे कोणी मामा येऊन गेले."

मी त्याला खाली बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. दुपारी आले. कोट, टोपी, हातात मिटलेली छत्री. आत बस म्हटलं तर बसले नाहीत, चहा दारातच उभ्यानं घेतला. तू नाहीस म्हटल्यावर, बरं, म्हणाले. मैदान कुठलं ते विचारून खाली गेले. "मी वरून बघत होतो," सोबती म्हणाला. "दुपारच्या उन्हात त्यांनी मैदानाला एक पुरी फेरी मारली. चालत. इतका सावकाश माणूस मी पाहिला नाही रे."

मी तिथं असतो तर त्यांच्या मागून चाललो असतो, त्यांच्याहून हळू.

मी विचारलं, काही निरोप?

"होता. पण तो रेल्वेतलाच काहीतरी असावा, मला काही कळला नाही," सोबती म्हणाला, आणि आठवून आठवून त्यानं तो सांगितला: "भाच्याला म्हनावं, घाटात दोन बारी सायडिंगला गेली. तिसऱ्या बारीला सरळ आली."