माझ्या सात कोंबड्या
नालीत चुना टाकला की त्याच्या वासानं मला आमच्या खुर्सीपार वस्तीतली ती दुपार आठवते. बर्ड फ्लू आला म्हणून पशु विभागाची माणसं वस्तीतल्या कोंबड्या मारायला आली होती. “तपासल्या का?” मी विचारलं. “ऊपर से ऑर्डर है, अम्मा.” माझ्या सात त्यांच्या हाती लागेनात, तेव्हा म्हणाले, “आप ही बुलाओ.” मी तांदळाची कणी टाकून “आ, आ” केलं; सातही धावत आल्या. त्या पोत्यात गेल्या, मग खड्ड्यात, वर चुना. शेजारणीनं आपल्या कोंबड्या न्हाणीघरात लपवल्या होत्या, त्या धडधाकट राहिल्या. ती हसून म्हणाली, “काकू, एवढं सरकारचं आयकाले तुमाले कोनं सांगतलं होतं?” आजही कुणी विचारलं तर मी सरकारनं मारल्या म्हणते. हाक मीच मारली, हे सांगत नाही.