तोंड शिवलेलं पुस्तक

आमच्या केवलराम मामाला कशाचंही उघडं तोंड बघवत नाही. पोतं असो, पिशवी असो, नाहीतर उशीचा अभ्रा. दिसलं उघडं की घातला टाका. अर्जुनी मोरगावच्या एका राईस मिलमध्ये त्याने तीस वर्षं दाभण आणि सुतळी घेऊन तांदळाची पोती शिवली. चार वर्षांपूर्वी तिथे शिलाईचं मशीन आलं आणि मामा घरी आला. मग घरातल्या वस्तूंची पाळी आली. मामीच्या पर्सची चेन तुटली, तर त्याने पर्सच शिवून टाकली. आत तिचं आधार कार्ड होतं.

अशा माणसाला पुस्तक शिवायला देणारी शहाणी मीच. मी प्रेरणा, त्याची भाची. गोंदियाला शाळेत शिकवते, आणि शिकवायची खोड शाळा सुटली तरी सुटत नाही.

त्याचं असं झालं, मामाच्या दुर्गेश्वरीचं लग्न ठरलं. आमची शामकला मामी म्हणजे लग्नातली गाणारी बाई. हळदीपासून बिदाईपर्यंत सगळी गाणी तिला तोंडपाठ. बाकीच्या बायांनी तिच्यामागे नुसतं धृपद ओढायचं. दुर्गेश्वरीने दोन महिने आईसमोर बसून बेचाळीस गाणी सुट्या कागदांवर उतरवली. सासरी नेणार होती. मला वाटलं, याचं झकास पुस्तक व्हावं. म्हणून मी मामाला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कागदांच्या घड्या करायच्या, वर जाड कव्हर, आणि शिवताना दोरा लपवायचा नाही. तो कव्हरच्या पाठीवर नक्षीसारखा मिरवू द्यायचा.

मामाने मान तिरकी करून तो व्हिडिओ चार वेळा पाहिला.

"टाका वरून दिसते?" त्याने विचारलं.

"दिसायलाच पाहिजे, मामा. शोभाच त्याची आहे."

"माह्या टाक्याकडे त आजवर कोनी पाह्यलं नाई, बाई. पोतं उघडलं का दोरा उकिरड्यावर," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही खुलला की मला एकदम लाज वाटली. तीस वर्षांत त्याचा टाका मीही कधी पाहिला नव्हता.

पुढचे अकरा दिवस मामा कुणाचा नव्हता. कव्हरला पोत्याचा स्वच्छ धुतलेला बारदाना, मेणातून ओढलेला लाल आणि पिवळा दोरा. कुणाला जवळ फिरकू देईना. हळदीच्या दुपारी त्याने पुस्तक मांडवात आणलं आणि बाया हळद सोडून धावल्या. पाठीवर धानाच्या लोंब्या उमटल्या होत्या, एकेक दाणा वेगळा. पुस्तक या हातातून त्या हातात फिरलं, जो तो वा वा करतो आहे, मामा लाजून खांबाला टेकला आहे. शेवटी माझ्याकडे आलं. मी उघडायला गेले, तर उघडेना. बघते तर उरलेल्या तिन्ही बाजूंनाही तशाच लोंब्या, आणि टाक्याटाक्याला पक्की गाठ.

"मामा! हे तोंड काऊन शिवलं?"

"तो व्हिडिओवाला पोट्टा इसरला ना! भरलेला माल कोनी उघड्या तोंडानं पाठवते का? सारं सांडन ना रस्त्यानं."

मांडव हसून हसून लोळला. सगळ्यात जास्त मामी हसली. आधीच दोन दिवसांचं गाणं, त्यात बर्फ घातलेला मठ्ठा, वर हे हसणं. लग्नाच्या सकाळी तिचा घसा असा बसला की नुसती हवाच निघे.

मग मात्र आमचं हसू पळालं. दुसऱ्यांच्या लेकी गाऊन सासरी धाडणारी मामी, आणि तिच्याच लेकीचा मांडव मुका राहणार! बाकी कुणाला धृपदापलीकडे काही येत नव्हतं. मामी कोपऱ्यात बसून पदराने डोळे पुसत होती. इकडे नवरदेवाची फुलचूरची वरात आली ती गाणाऱ्या बाया घेऊनच. त्यांनी आल्या आल्या चिमटा काढला:

"अर्जुनीच्या बायाईले काऊन लागली चूप?
लाडू खाल्ले पोटभर, का दातात अडकलं तूप?"

याला उत्तर पाहिजेच. नाही दिलं तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. मी कैची घेऊन पुस्तकाकडे झेपावले. मामाने ते आधीच उचलून छातीशी धरलं.

"हात लावशील त पाह्य! अकरा दिवस लागले मले."

"मामा, इथे अब्रू चालली आहे!"

"टाका नाई कापू देनार!"

तिकडून त्या बायांनी तेच कडवं पुन्हा म्हटलं, आणखी जोरात. मांडवभर लोक आमच्याकडे बघत होते. मामाला घाम फुटला. त्याने कैचीकडे पाहिलं, पुस्तक घट्ट आवळलं, डोळे मिटले आणि गायलाच लागला:

"फुलचूरचा व्याही आला गाडीत बसून,
धा वडे खाल्ले अन् म्हने, आलो मी जेवून!"

आवाज कसला, धान भरडायचं मशीन! पण शब्द नि शब्द मामीचा. आमच्या बायांनी मिळून धृपद उचललं. बायांची गाणी पुरुष गातोय, तीही टाके वाचवायला! मामाने दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं, व्याह्याच्या मिशीवरचंही म्हटलं. व्याही चैतरामजी इतके हसले की फेटा कानावर आला. पोरं खुर्च्यांवर चढून नाचली. मीही नाचले, शाळेचं नाव घालवलं.

मामी उठून त्याच्याजवळ आली. चाळीस वर्षं ती म्हणत आली होती की हा माणूस आपलं काही ऐकत नाही.

"आयकत होते का जी तुमी?" तिने फाटक्या आवाजात विचारलं.

"कान शिवता येत नाई ना," मामा म्हणाला.

दुपार अशीच गेली. मग बिदाईची वेळ आली. दुर्गेश्वरी उंबऱ्याशी उभी राहिली. मामाने बिदाईच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली आणि थांबला. पुढचं त्याला येतच नव्हतं. कुणाचीही लेक असो, हे गाणं सुरू झालं की "सामान लादतो" म्हणून तो गाडीकडे निघून जायचा. आजही त्याने पाऊल उचललं होतं.

दुर्गेश्वरीने त्याचा हात धरला. "बाबा, आज नाई."

मामी नुसते ओठ हलवत होती, आवाज नाही. मामाने हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि माझ्यापुढे हात केला.

"आन ते कैची."

"एकच बाजू कापा मामा, तेवढ्याने भागेल," मी म्हटलं. आता मलाच ते टाके तुटलेले बघवत नव्हते.

"नाई. मंग पुस्तक नीट उघडत नाई," तो म्हणाला, आणि खाली बसून त्याने तिन्ही बाजूंच्या लोंब्या एकेक करून कापल्या. नाक तेवढं ओढत होता.

गाणं शेवटच्या पानावर होतं, दुर्गेश्वरीच्याच अक्षरात. मी गायला लागले. माझा सूर इतका भयंकर होता की नवरी रडता रडता हसायला लागली आणि मामी हाताने ताल देऊन मला सावरू लागली. मामा लाल-पिवळ्या दोऱ्यांच्या तुकड्यांत उभा होता, लेकीचा हात धरून. ते गाणं त्या दिवशी त्याने पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं.