ओ आल्याशिवाय

मंगळवारी सकाळी काकांनी घरून फाईल पाठवली. ब्राउझरने ती अडवली. विचारायला मी फोन केला. तो त्यांच्या सुनेने उचलला. ती म्हणाली, "बाबा गेले."

डोंबिवलीत आमचं एक वाचनालय आहे. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी आम्ही पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. दोन खोल्या आहेत. त्यांतल्या एका खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, म्हणजे रस्त्यावरचे हॉर्न आत येत नाहीत. कॉलेजातली नोकरी संपल्यावर मी तिथे जाऊ लागले, तेव्हा काका आधीपासूनच होते. इथल्याच एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. पुस्तकं वाचायचे आणि ध्वनिमुद्रित झालेले भाग वाचनालयाच्या साइटवरही तेच चढवायचे.

ब्राउझरचा तो इशारा तुम्हीही पाहिला असेल. फाईल उतरवायला जावं, तर ती असुरक्षित आहे म्हणून अडवून धरतो आणि विचारतो, ठेवायची की टाकायची. आपण बहुतेक जण न वाचताच 'ठेवा' दाबतो. काका तसं करत नसत. इशारा आला की ते माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवत, आणि मी शेजारी असले तर मलाही सांगत, "बाई, हात काढा. ओ आल्याशिवाय उघडायचं नाही."

ही सवय कंपनीतली. तिथे पाळी बदलली, की आधीच्या माणसाने बंद केलेला व्हॉल्व्ह नव्या माणसाने आपल्या मनाने उघडायचा नाही. ज्याने बंद केला त्याला नावाने हाक मारायची. तो असेल तिथून ओ देणार, मग उघडायचा. चिठ्ठी चालत नसे, बोर्डावर लिहिलेलंही चालत नसे. "कागद काय, कालचा असतो," काका म्हणायचे. "ओ आत्ताची असते."

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नसत. त्याबद्दल ते एकदाच बोलले, तेही मी विचारलं नसताना. गाद्यांच्या खोलीतला पंखा बंद करताना म्हणाले, "एकाला घाई होती. माझी ओ यायच्या आत त्याने उघडला. तो राहिला नाही." मग चष्मा पुसला आणि पुढचं प्रकरण काढलं.

आमची साइट फार जुनी. कुलूप नसलेल्या घरासारखी, असं कोणीतरी समजावून सांगितलं होतं. कित्येक वर्षं कोणाची तक्रार नव्हती. मग ब्राउझर बदलले आणि एक दिवस आमची सगळीच पुस्तकं असुरक्षित ठरली. आमच्या श्रोत्यांना पडद्यावरचं दिसत नाही. त्यांचा फोन ते वाचून दाखवतो. त्यामुळे कवितांच्या पुस्तकापासून पाककृतींपर्यंत कशालाही हात लावला, की फोनमधली बाई कोरड्या आवाजात धोका आहे म्हणून सांगायची.

पहिला फोन वर्तकनगरच्या लीलाताईंचा आला. वय ऐंशीच्या आसपास, नजर पूर्ण गेलेली, जीभ शाबूत.

"अहो काका, तुमचं पुस्तक धोकादायक आहे म्हणतेय ही."

"कुठलं?"

"लोणच्यांचं."

"मग बरोबर आहे. तुमचं बीपी वाढेल."

हसून झाल्यावर काकांनी त्यांना फाईलचं नाव ऐकायला लावलं, परत म्हणायला लावलं, आपल्या पडद्यावर ताडून बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "ओ. ठेवा."

त्यानंतर तोच नियम झाला. श्रोत्याने फोन करायचा, नाव सांगायचं, काकांनी ओ द्यायची. संध्याकाळी फोन सुरू व्हायचे ते दिवे लागेपर्यंत. कोलशेतहून एक मास्तर रोज करायचे. त्यांना 'ठेवा' कुठे असतं ते पाठ झालं होतं, तरी करायचे. आमच्या चिटणीस वैतागायच्या.

"अहो, किती ओ ओ करता? खालचे डॉक्टर धावत येतील एखाद दिवशी, कोणाला उलट्या होतायत म्हणून."

"येऊ दे. त्यांनाही एक पुस्तक देऊ."

"साइट नीट करून घेऊ या ना. माझा भाचा म्हणतो फार काम नाही."

"बघू. घाई कशाला," काका म्हणत.

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला की पुढे लक्ष देईनाशी झाले. काकांची पत्नी आधीच गेली होती. मुलगा आणि सून चांगली, पण दोघंही सकाळी निघून रात्री परतणारी. दिवसभरात काकांशी कोण बोलत असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. तुम्हीही केला नसता. समोर हसणारा माणूस दिसला की आपण पुढे जातो.

शेवटच्या दिवसांत ते एका खलाशाच्या आठवणींचं पुस्तक वाचत होते. जहाज वादळात सापडतं, दिशा चुकतं, प्यायचं पाणी संपत येतं. लीलाताईंना त्या पुस्तकाचं वेड लागलं होतं. दर भागानंतर फोन. "पोचतं का हो बंदराला?"

"मीही पुढचं अजून वाचलेलं नाही."

"मी मेले तर?"

"मग तुम्हाला माझ्या आधी कळेल."

काकांना खोकला झाला तसे ते घरूनच ध्वनिमुद्रण करू लागले. शेवटचा भाग राहिला होता. तो त्यांनी त्या मंगळवारी चढवला. आधी मी ऐकून तपासायचा आणि मग श्रोत्यांना खुला करायचा, अशी आमची पद्धत. मी उतरवायला गेले. इशारा आला. मी माउसवरचा हात काढला आणि फोन लावला.

बाकीचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

तेराव्यानंतर मी वाचनालयात गेले. चिटणीसबाईंनी नव्या साइटचं काम देऊन टाकलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "महिनाअखेर जुनी बंद होईल. उतरवून न घेतलेलं सगळं जाईल. त्यांची ती शेवटची फाईल तेवढी घ्या."

ती फाईल काकांचीच होती याबद्दल मला शंका नव्हती. नाव त्यांच्याच पद्धतीने ठेवलेलं होतं. तरी इशारा आला की माझा हात मांडीवर यायचा. दोनदा तशीच उठून घरी आले. बाहेरच्याला हे खुळेपण वाटेल. पण इतकी वर्षं ज्या माणसाने ओ दिल्याशिवाय मी काही उघडलं नाही, त्याच्या शेवटच्या फाईलवर आपल्या मनाने 'ठेवा' दाबणं म्हणजे आता ओ येणार नाही, हे मान्य करणं होतं.

महिना संपत आला तेव्हा लीलाताईंचा फोन आला. काका गेल्याचं त्यांना माहीत होतं.

"अगं, तो भाग आला होता का?"

"आलाय. उतरवलेला नाही."

"का?"

मी सांगितलं.

"त्यांनी तो पाठवला कोणासाठी?" लीलाताईंनी विचारलं.

"तुमच्यासाठी. तुम्ही विचारत होतात म्हणून खोकल्यातही वाचला."

"मग मला हाक मार."

"लीलाताई."

"ओ," त्या म्हणाल्या. "ठेव आता."

मी ठेवली. फोन स्पीकरशी धरला आणि आम्ही दोघींनी मिळून ऐकलं. आवाज बसलेला होता. मध्ये मध्ये ते थांबत, पाणी प्यायल्याचा आवाज येई, मग वाक्य पहिल्यापासून घेत. वादळ ओसरलं. खलाशाला पहाटे पक्षी दिसले. पक्षी दिसले म्हणजे जमीन जवळ, असं काकांनी वाचलं, आणि मग खोकला आला तो थांबेना. खोकल्यातूनच म्हणाले, "बाई, उरलेली पानं उद्या देतो." तिथे ध्वनिमुद्रण संपलं.

पुस्तक माझ्यासमोर होतं. पाचसहा पानं उरली होती.

"मी वाचू का?" मी विचारलं.

"आज नको."

पुढच्या आठवड्यात गाद्यांच्या खोलीत बसून मी ती पानं वाचली आणि भाग पूर्ण करून चढवला. जहाज बंदराला लागतं. लीलाताईंनी तो ऐकला की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.

साइट आता नवी आहे. तिच्यावरची पुस्तकं सुरक्षित आहेत आणि ती कोणी अडवत नाही. श्रोते आपापली उतरवून घेतात. संध्याकाळी मी वाचनालयात असते. फोन टेबलावर असतो. तो वाजत नाही.