खंडेनवमीची ट्रायल

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी आजही मान वर करून सांगतो, कारण मला शिकवलं ते माझ्या भावाच्या हातोडीनं. तो यवतमाळात कापसाच्या जीनमध्ये फिटर. कापसाचा हंगाम संपला की त्याचंही काम संपायचं.

त्या वर्षी कंपनीनं जीनला लागूनच सरकीच्या तेलाची मिल काढली. फिटर, टर्नर हवे होते, तेही बारमाही. भाऊ वर्षानुवर्षं याचीच वाट पाहत होता. पण मुंबईहून आलेल्या नव्या मॅनेजरनं ट्रायल ठेवली नेमकी खंडेनवमीला.

त्या दिवशी आमच्याकडे हत्याराला पूजेपुरताच हात लागतो. शेडमध्ये एकाच पाटावर सगळ्यांचे पाने, कानशी, हातोड्या, हळदकुंकू लावून. बॉयलरवरच्या मुसलमान मिस्त्रींचे पानेही त्यातच, आणि नारळही दरसाल त्यांचाच. भावानं माझा फाउंटन पेनसुद्धा कानशीशेजारी मांडला होता. मी पूजेलाच गेलो होतो.

मॅनेजर आले. भावाला म्हणाले, "तुम्ही जुने ना? घ्या कानस."

"आज नाही साहेब. परवा म्हनान ते करून दाखवतो."

"परवा दुसरे येतील."

"कोन येईन साहेब?" मिस्त्री हसले. "साऱ्या गावाचे हत्यारं आज पाटावरच हायेत!"

शेड हसली. मॅनेजर चिडले. माझी पँट पाहून माझ्याकडे वळले. "शिकलेले दिसता. समजवा यांना. ऑफिसात तुम्हालाही जागा देतो. अर्ज लिहा, आत्ताच."

भावानं मान खाली घातली. त्याला वाटलं, मी लिहिणार.

"माझा पेन पाटावर आहे साहेब," मी म्हणालो.

त्यांनी खिशातला स्वतःचा पेन पुढे केला. मी हात मागं बांधले. "आज कोणाचाच नाही."

ते तरातरा निघून गेले.

घरी जाताना भाऊ करवादला, "कायले बोलला बे? माई नोकरी तं गेलीच, तुई बी गेली ना!"

"जाऊ दे," मी म्हणालो.

दसरा झाला. दुसरं कोणी आलं नव्हतं. मिल तर सुरू करायची होती. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं भावाला बोलावणं धाडलं. भावानं घासलेला लोखंडाचा तुकडा त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "उद्यापासून या."

मला कोणी बोलावलं नाही. अर्ज मीही केला नाही. दारव्ह्याला मास्तर झालो, आणि दर खंडेनवमीला भावाच्या पाटावर पेन ठेवायला यवतमाळला येत राहिलो.