नऊ हजारांचा वाटाड्या आणि कर्जतचा तांदूळ

सुमनला, म्हणजे माझ्या पत्नीला, जाऊन चौदा महिने झाले. या काळात मी तिच्या माहेरी एकदाही गेलो नव्हतो. लोकांना मी कारण देत असे, की मला रस्ता ठाऊक नाही. ते लाजिरवाणे असले तरी खरे होते. एकतीस वर्षे गाडी मी चालवली आणि वळणे तिने ठरवली. न सांगितलेले कारण निराळे होते. कर्जतजवळच्या त्या घरातून दरवर्षी लेकीच्या वाट्याचा नवा तांदूळ निघतो. लेकच उरली नाही, तर तांदूळ न्यायला येणारा जावई त्या घराचा कोण? या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

मार्गशीर्षात मेहुण्याचा, रघुनाथचा, फोन आला. भात गिरणीतून आले आहे, येऊन तांदूळ घेऊन जा, एवढेच सांगून त्याने फोन ठेवला. तो मनापासून बोलावतो आहे की रीत म्हणून, हे त्याच्या आवाजावरून कळेना.

निदान रस्त्याची सबब तरी संपवावी म्हणून मी मोटारीत बसवायचे उपग्रह-मार्गदर्शक यंत्र मागवले. किंमत नऊ हजार रुपये. म्हणजे स्वस्त नाही आणि मिरवण्याइतके महागही नाही. सात दिवसांत परत करण्याची सोय होती. मोबाइलवर नकाशा फुकट मिळत असताना हा खर्च कशासाठी, असे वाचक विचारतील. मोबाइलवर सांत्वन करणारेही येतात, एवढेच उत्तर देतो.

शनिवारी सकाळी सातला पुण्याहून निघालो. यंत्रातील बाई मराठी बोलतात, परंतु पळसदरीचे नाव त्या असे घेतात, की पळसाने लाजून पाने गाळावीत. पडदा उन्हातही स्वच्छ दिसतो, ही जमेची बाजू. काचेला धरून ठेवणारे रबर मात्र खंडाळ्यात सुटले आणि बाई थेट माझ्या मांडीवर येऊन पडल्या. विधुराच्या पहिल्याच प्रवासात हे घडणे कोणत्याही दृष्टीने शोभनीय नव्हते.

घाटाखाली द्रुतगती मार्ग आणि जुना रस्ता जवळजवळून धावतात. आपण नेमके कोणत्या रस्त्यावर आहोत, याविषयी बाईंचे मत दर मिनिटाला बदलत होते. जेथे उतरायला हवे होते तो खोपोलीचा फाटा मागे पडल्यावर त्यांनी शांतपणे डावीकडे वळायला सांगितले. परिणामी मी खालापूरच्या टोलनाक्यापाशी बाहेर पडलो. गावात तहसील कचेरीजवळ चहा आणि वडापाव घेतला. मिळून पस्तीस रुपये. वडा अप्रतिम होता. चहा मात्र कचेरीच्या जवळ राहून तिच्याच वळणावर गेला असावा; उशिरा आला आणि कोमट आला.

तेथून पळसदरीमार्गे रस्ता चांगला आहे. कर्जतच्या थोडे अलीकडे बाईंनी मला आत वळवले आणि एका लोखंडी फाटकापुढे आणून उभे केले. फाटकावर इटलीतील गावाला शोभेल असे नाव होते आणि आत बंगल्यांचे भूखंड. ‘सरळ जा,’ बाई म्हणाल्या. स्टुलावर बसलेले साठीचे रखवालदार उठून आले आणि त्यांनी पडद्यावर नजर टाकली.

“मशीन दावतंय तो रस्ता बरोबर हाय,” ते म्हणाले. “पन तो आता नाय.”

ती गाडीवाट त्यांच्याच शेताच्या बांधावरून जात असे. शेत विकले गेले, वाट बंगल्यांखाली गेली आणि ते स्वतः तिच्या तोंडाशी राखणीला बसले. नकाशा पाहून आलेले लोक आपल्याशीच भांडतात, अशी त्यांची तक्रार होती. कोणाकडे निघालात, असे त्यांनी विचारले. मी रघुनाथचे नाव सांगितले, तेव्हा त्यांनी खिडकीशी वाकून मला नीट पाहिले.

“सुमनचं मालक ना तुमी? गावचा जावई मशीनीला रस्ता इचारतो व्हय?”

मागे रस्त्याखालच्या मोरीपर्यंत जा आणि उजव्या हाताला वळा, असे त्यांनी सांगितले. दहा मिनिटांत पोहोचलो. बाई शेवटपर्यंत मला मागे फिरण्याची विनंती करत होत्या.

रघुनाथच्या पत्नीने, मंदावहिनींनी, तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे वाढले. पोते ओटीवर शिवून ठेवलेले होते. जेवण झाल्यावर मी घाटात मनाशी जुळवलेले वाक्य उच्चारले: सुमन आता नाही, तेव्हा या तांदळावर माझा अधिकार उरत नाही आणि तसे सांगण्यात कोणी संकोच मानू नये.

रघुनाथ आत वळून म्हणाला, “ऐकलंस काय गं? दाजींनी भात सोडला.” आणि मला म्हणाला, “ताय काय एकली खायाची? तीच सांगायची, अर्धं पोतं तुमीच संपवता म्हून.”

हा आरोप खरा होता. पोते उचलायला मी हात लावला. त्याने तो बाजूला सारला आणि पोते स्वतः गाडीत टाकले.

आता यंत्राविषयी. महामार्गावर आणि अनोळखी शहरात ते उपयोगी पडेल. शेजारी-शेजारी धावणारे रस्ते त्याला ओळखता येत नाहीत आणि गावाकडच्या वाटांच्या बाबतीत ते भूतकाळात राहते. हा दोष माझ्यातही असल्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. सहा हजारांत मिळाल्यास घ्यावे. नऊ हजारांत घेऊ नये. मी ते पाचव्या दिवशी परत केले, कारण मला जेथे जायचे होते तेथील रस्ता आता मला ठाऊक आहे.

घरी परतल्यावर रविवारी नवा तांदूळ नेहमीच्या मापाने पाणी घालून शिजवला आणि त्याचा लगदा झाला. मी मंदावहिनींना फोन लावला.

“नव्याला पानी कमी लागतं, दाजी,” त्या म्हणाल्या. “फोनवर काय शिकवू? शिमग्याला चार दिस ऱ्हायला या.”

येतो म्हणालो, आणि तो लगदा चमच्याने संपवला.